लाइन म्हणजे जवस

साखर पेठेतल्या रात्रशाळेत
अंबव्वा गुंडेटी मागच्या बाकावर बसते.
बोटांना तेंदूपानाचा वास,
साठी कधीच ओलांडलेली
(आधार कार्डावर अजून एकोणसाठ).
तिला एकच गोष्ट शिकायचीय:
बँकेतल्या पोरीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं
की ते परत सरकवायचं.

'लाइनीवर लिहा,' मी म्हणतो.
अक्षर लाइन सोडून वर चढतं, खाली घसरतं,
एक 'अं' तर पार समासात जाऊन बसला.

'सर, एक विचारू का?
नळाला पाणी येतंय चार दिवसाआड, तिथं लाइन.
कारखान्यात बिड्या द्यायच्या, तिथं लाइन.
माग बंद पडले की म्हणतेत लाइन गेली.
होटगीकडनं मालगाडी येतीय, ती लाइन.
जावई राहतोय पोलीस लाइनीत,
नातू कॉलेजच्या गेटावर उभारून मारतोय
ती पण लाइनच म्हणं.
आन ही वहीतली निळी.
येवढी गरिबी हाय का इंग्रजीत,
एकच शब्द सगळ्यांनी वाटून घ्यायला?'

वर्ग हसला.
मी फळ्यावर लिहिलं: रांग, रेघ, ओळ, तार, रूळ.
आपण श्रीमंत, म्हटलं.
मग आठवलं, सकाळी दुधाच्या केंद्रावर
मीही लाइनीतच उभा होतो.

रात्री कोश काढला,
रविवारच्या बाजारात वजनावर घेतलेला,
'झेड'ची पानं नसलेला.
लाइनच्या मागं लॅटिनमधली लिनिया,
लिनियाच्या मागं लिनुम.
लिनुम म्हणजे जवस.
जवसाच्या खोडातनं निघणारा धागा.
कुणी गवंडी तो ताणून धरायचा
आणि एक डोळा मिटून भिंत बघायचा.
धाग्यावरनं रेघ, रेघेवरनं रांग,
पुढं रूळ आले, तारा आल्या,
धागा मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही.

मी बराच वेळ तसाच बसलो.
आमचा बाप जकार्डावर चादरी विणायचा,
मागाचा तुटका पट्टा हातात घेऊन ओरडायचा,
'सुतासारखा सरळ करीन तुला.'
मी सरळ झालो नाही.
पण कुठला तो रोमचा गवंडी
आणि कुठला भद्रावती पेठेतला माझा बाप,
दोघांनाही सरळपणा दिसला
तो ताणलेल्या दोऱ्यातच.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं.
'जवस म्हणजे आमचं अविसे की,' अंबव्वा म्हणाली,
'ते तर आम्ही भाकरीसंगं खातोय.'
मग जरा थांबून,
'आन बिडीला गुंडाळतोय तो दोरा?'
मी म्हटलं, मुळातनं बघितलं तर
तीही लाइनच.
तिनं मनात हिशेब केला.
दिवसाला हजार, चाळीस वर्षं,
शिवाय छाटात गेलेल्या वेगळ्या.
'मग मी जन्मभर इंग्रजीच लिहीत होते म्हणा.
मजुरी तेवढी बिडीची.'

शुक्रवारी तिनं डबा आणला.
जवसाची चटणी, लसूण जास्त, मीठ बेताचं.
कोश उघडाच होता,
'एल'च्या पानावर तेलाचा एक डाग पडला,
तो आता शब्दाच्या व्युत्पत्तीत धरावा लागेल.

तेवढ्यात लाइन गेली.
पंखे थांबले, बाहेरचे मागही गप.
अंधारात फक्त एक पेन्सिल चालू होती,
खसखस, खसखस.

उजेड आला तेव्हा वही पाहिली.
'अंबव्वा' बरोबर निळ्या रेघेवर.
'गुंडेटी' मात्र खाली लोंबलेलं,
बिडी बांधून झाल्यावर
दोऱ्याचं टोक राहतं तसं.

मी लाल पेन उचललं, परत ठेवलं.
'चालतंय की सर,' ती म्हणाली,
'बँकेत लाइन जात नसती.'